कॉनराड आडेनाउर : ढिगाऱ्यातून राष्ट्र उभारणारा वृद्ध



कॉनराड आडेनाउर यांचा जन्म १८७६ साली जर्मनीतील कोलोन शहरात एका कॅथलिक कुटुंबात झाला. १९१७ साली ते तिथलेच महापौर झाले. १९३३ साली नाझींनी त्यांना पदावरून हटवले, तेव्हा मारिया लाखच्या बेनेडिक्टाईन मठाने त्यांना आसरा दिला. १९४४ साली त्यांना व पत्नीलाही तुरुंगवास घडला.

महायुद्धात देश बेचिराख झाला आणि विजेत्यांच्या भांडणात दुभंगला. १९४९ साली, वयाच्या ७३व्या वर्षी, अवघ्या एका मताच्या बहुमताने आडेनाउर पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले. १९५२ साली त्यांनी इस्राएलला भरपाई देण्याचा करार केला. १९५५ साली मॉस्कोला जाऊन सुमारे १०,००० युद्धकैद्यांची सुटका मिळवली. मात्र नाझी राजवटीत काम केलेल्या काहींना त्यांनी आपल्या कार्यालयात ठेवले, हेही आम्ही लपवीत नाही.

१९१४ साली जर्मन तोफांनी होरपळलेल्या फ्रान्समधील रेम्सच्या कॅथेड्रलमध्ये, १९६२ साली ते राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यासह मिस्सेला उपस्थित राहिले. पुढच्याच वर्षी दोन्ही राष्ट्रांनी मैत्रीचा करार केला. १९६७ साली, ९१व्या वर्षी, ते देवाघरी गेले.

आपण मात्र वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरतो. पुढच्या रविवारच्या मिस्सेआधी त्याच्या दारी जाऊ या का?