रजनीच्या पलीकडची प्रिया

दूरदर्शनने या देशाला पहिली लोकप्रिय नायिका दिली ती साधी साडी नेसलेली, कपाळाला कुंकू लावणारी आणि कोणत्याही खिडकीपाशी जाऊन जाब विचारणारी. १९८५ साली बासू चॅटर्जी यांची ‘रजनी’ ही मालिका सुरू झाली आणि प्रिया तेंडुलकर हे नाव घरोघरी पोहोचलं. खरं तर पोहोचली ती रजनी. प्रिया मागेच राहिली, आणि माझ्या मते तिच्या आयुष्याची मेख इथेच आहे.

तिचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४चा. वडील विजय तेंडुलकर. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘सखाराम बाइंडर’, ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकांनी ज्या काळात मराठी समाजाची झोप उडवली, त्याच काळात ही मुलगी वाढत होती. नाटककाराच्या घरात जन्मलेल्या मुलीला सगळं आयतं मिळतं असा आपला समज असतो. प्रियाने मात्र पंचतारांकित हॉटेलात स्वागतकक्षात काम केलं, हवाई सुंदरी म्हणून नोकरी केली, जाहिरातींसाठी उभी राहिली. १९७४ साली श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मध्ये ती दिसली. शबाना आझमींचा तो पहिला चित्रपट, त्यामुळे सगळी चर्चा त्यांची झाली. अनंत नागच्या पत्नीची, त्या संशयी, अबोल सरूची भूमिका करणारी मुलगी फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. पुढे ‘मुंबईचा फौजदार’सारखे मराठी चित्रपट आले, नाटकं झाली. मराठी प्रेक्षक तिला ओळखत होता, एवढंच.

आणि मग ‘रजनी’.

मी हिर्डोशीचा. भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. त्या वेळी गावात घरोघरी टीव्ही नव्हता. भोरला नातेवाइकांकडे रविवारी मुक्काम असला की सिंहगडावरच्या मनोऱ्याच्या दिशेने अँटेना फिरवत, चित्रात मुंग्या आल्या की कोणीतरी पत्र्यावर चढत, आम्ही ती पाहिली. गॅस सिलिंडरसाठी होणाऱ्या अडवणुकीवरचा तिचा भाग शहरात गाजला. आमच्या बायकांना त्याचं काय? त्यांच्या घरी चुली. पण रेशनच्या रॉकेलचं माप त्यांना चांगलं कळत होतं. माझी चुलती हिंदी निम्मीच समजायची, तरी त्यानंतर एकदा तिने दुकानदाराला माप पुन्हा भरायला लावलं आणि मागची रांग गप्प उभी राहून बघत राहिली. दुकानदार बोलला नाही, पण माप भरून दिलं. त्याच्या पुढच्या महिन्यात तो पुन्हा मूळपदावर आला, हेही सांगितलं पाहिजे.

मालिका परिणामकारक होती याचा पुरावा ज्यांना ती लागली त्यांनीच दिला. टॅक्सीचालकांच्या अरेरावीवरचा भाग दाखवला गेला, तेव्हा मुंबईत टॅक्सीवाले दूरदर्शन केंद्रावर चालून गेले. ग्राहकाला हक्क असतात ही गोष्ट बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत १९७४ पासून पुण्यात सांगत होती. ग्राहक संरक्षण कायदा १९८६च्या डिसेंबरात झाला. तो रजनीमुळे झाला असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण चळवळीला जे वर्षानुवर्षं सांगावं लागलं, ते या बाईने अर्ध्या तासात स्वयंपाकघरापर्यंत नेलं.

लोक मग आपली गाऱ्हाणी घेऊन प्रियाकडेच जाऊ लागले. त्यात गंमत वाटण्यासारखं काही नाही. ज्या कचेरीने काम करायचं तिथे दाद मिळत नाही, म्हणून माणसं एका नटीच्या दारात उभी राहतात, ही कचेरीची शोभा झाली. प्रियाने ती प्रतिमा झिडकारली नाही. ‘स्वयंसिद्धा’तही ती स्वतःच्या पायावर उभी राहणारी स्त्रीच होती. नव्वदच्या दशकात ‘द प्रिया तेंडुलकर शो’मध्ये ती स्वतःच्या नावाने समोर आली आणि लोकांना बोलतं केलं. नायिकेच्या नावाऐवजी तिचं स्वतःचं नाव पाटीवर लागलं, ते तेव्हा.

खासगी आयुष्य मात्र पटकथेप्रमाणे चाललं नाही. ‘रजनी’त तिच्या नवऱ्याचं काम करणारे करण राजदान यांच्याशी १९८८मध्ये तिचा विवाह झाला. काही वर्षांनी ते वेगळे झाले. याहून अधिक उकरण्यात मला रस नाही.

मला रस आहे तिच्या लेखनात. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’, ‘असंही’, ‘पंचतारांकित’ ही तिची पुस्तकं. तेंडुलकरांची मुलगी लिहिते म्हटल्यावर वाचक तराजू घेऊनच बसतो, आणि ती तुलना अन्यायाची आहे. रजनीकडे प्रत्येक प्रश्नाला अर्ध्या तासात उत्तर होतं. लेखिका प्रियाकडे ते नाही, आणि ती तसा आवही आणत नाही. तिच्या लेखनातली माणसं एकटी असतात. मला विचाराल तर ही प्रिया अधिक खरी. पण पुस्तकं वाचणारे किती आणि रविवारी टीव्ही बघणारे किती!

१९९५ साली झी वाहिनीवर ‘हम पांच’ आली. अशोक सराफ नवरा, पाच मुली, दुसरी बायको, आणि भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याशी बोलणारी मेलेली पहिली बायको म्हणजे प्रिया. एका चौकटीत बसून, फक्त चेहऱ्यावर आणि आवाजावर तिने जे साधलं, ते मोठमोठ्या भूमिकांत अनेकींना जमत नाही. ‘गुप्त’सारख्या हिंदी चित्रपटांतही ती या काळात दिसत राहिली.

तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. त्याच्याशी तिचा झगडा बराच काळ चालला. त्यातच २००१मध्ये आई गेली, भाऊ राजाही गेला. १९ सप्टेंबर २००२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने प्रियाचा मृत्यू झाला. सत्तेचाळीस वर्षं पूर्ण झाली होती, अठ्ठेचाळिसाव्या वाढदिवसाला महिना बाकी होता. पत्नी, मुलगा आणि ही मुलगी यांच्यामागे विजय तेंडुलकर २००८च्या मे महिन्यापर्यंत जगले.