ना. वा. टिळक : कायदा आणि करुणा
राजनांदगाव संस्थानाकडे निघालेल्या नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने 'नवा करार' दिला. न्यायासनापुढे जाण्याआधीच वाद्याशी समेट करावा असे सांगणाऱ्या, त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. कसोटी मात्र घरातच लागली. लक्ष्मीबाई आप्तांकडे राहिल्या. १८६६ च्या कायद्यान्वये धर्मांतरित पतीस अशा पत्नीविरुद्ध दावा लावता येई; तिने नकार कायम ठेवल्यास विवाहही मोडता येई. मूळच्या संतापी टिळकांनी विवाह मोडला नाही, वाट पाहिली. चरित्रकारांचा भर धर्मांतरावर असतो, पण ही प्रतीक्षा अधिक बोलकी आहे. पुढे परतलेल्या लक्ष्मीबाईंचे सोवळेही त्यांनी चालू दिले. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.