पुण्याने विश्वासघातकी ठरवलं, इंग्लंडमधल्या गुरूंनी गर्विष्ठ. तरी पंडिता रमाबाई डगमगल्या नाहीत

साल १८९३. पुण्यातल्या शारदा सदनाच्या दारात मुलींचे पालक येत होते आणि आपापल्या लेकीबाळींना घेऊन जात होते. बघता बघता वीस-पंचवीस जणी गेल्या. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सदनाचे सल्लागार होते. त्यांनीही अंग काढून घेतलं. केसरीतून टीकेची झोड उठली.

आरोप एकच होता. रमाबाई शिक्षणाच्या नावाखाली विधवा मुलींना बाटवतात.

आता यातली दुसरी बाजू बघा. याच रमाबाईंबद्दल काही वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या नन्सची तक्रार नेमकी उलटी होती. ही बाई ख्रिस्ती झाली खरी, पण चर्चचं ऐकत नाही, प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारते, हिला विद्वत्तेचा गर्व आहे, असं त्यांना वाटायचं.

म्हणजे एकांच्या मते त्या जास्तच ख्रिस्ती होत्या आणि दुसऱ्यांच्या मते पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या. मग या बाईला आधार कुणाचा होता?

दुष्काळाने घर संपवलं

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला होता. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत जगत राहिलं. आईने रमाबाईंकडून हजारो श्लोक पाठ करून घेतले.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळाने घर संपवलं. आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं फिरत फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. नवरा ब्राह्मण नव्हता, त्यामुळे तेव्हाही नावं ठेवली गेली. दोन वर्षं होत नाहीत तोच पटकीने नवराही गेला. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती. रमाबाई तेव्हा २४ वर्षांच्याही नव्हत्या.

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनसमोर साक्ष देताना बायकांसाठी बायकाच डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात, असा मुद्दा त्यांनी मांडला. मग स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर १८८३ साली मेडिकल शिकायला थेट इंग्लंड गाठलं. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचं स्वप्न मात्र तिथेच संपलं.

विहिरीवरची ती बाई

इंग्लंडमध्ये रमाबाई वाँटेज गावातल्या नन्सकडे राहत होत्या. या नन्सचं लंडनमध्ये फुलहॅमला एक केंद्र होतं. समाजाने वाया गेलेल्या ठरवलेल्या बायकांना तिथे ठेवून घेतलं जायचं, त्यांची सेवा केली जायची.

रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्या चक्रावल्या. अशा बाईला घराबाहेर काढायचं, तिची सावलीही नको, एवढंच त्यांनी आजवर पाहिलं होतं. या लोकांना असं करावंसं का वाटतं, असं त्यांनी एका सिस्टरला विचारलं. उत्तर म्हणून त्या सिस्टरने त्यांना बायबलमधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली.

गोष्ट साधी आहे. यहुदी लोक शोमरोनी लोकांना कमी लेखायचे, त्यांच्याशी व्यवहार ठेवायचे नाहीत. अशा समाजातली एक बाई भर दुपारी विहिरीवर येते. तिचे पाच नवरे होऊन गेलेले आणि आता ती ज्याच्यासोबत राहते तो तिचा नवरा नाही. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिचं सगळं आयुष्य त्याला माहीत असतं, तरीही तो तिला हाकलत नाही. उलट धर्मातल्या सगळ्यात अवघड प्रश्नावर तिच्याशी बोलतो.

कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, यावर माणसाची किंमत ठरणाऱ्या देशातून रमाबाई आल्या होत्या. ही गोष्ट त्यांना आतपर्यंत भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात खळबळ उडाली. महात्मा फुले यांनी सत्सारमधून त्यांची बाजू घेतली, पण असे लोक मोजकेच होते.

चर्चशीही वाद

बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी डोकं गहाण ठेवलं नाही. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही तोवर मान्य करणार नाही, असं त्यांनी सांगितलं. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, हा त्यांचा प्रश्न होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुषांना शिकवायची गोष्ट निघाली तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली, त्यावरही त्या भडकल्या. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. आपण पुरोहितांच्या एका जोखडातून सुटलो ते दुसरं मानेवर घ्यायला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे त्या अमेरिकेत गेल्या, पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, निधी उभा केला. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

बाहेरून सगळं नीट चाललं होतं. आतून मात्र त्यांना समाधान नव्हतं. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त आपल्याला सापडलेला नाही. वाद, सिद्धांत, पुस्तकं यातच आपण अडकलो. १८९१ च्या सुमारास, आपण जसे आहोत तसे देवाला चालतो, ही गोष्ट त्यांना मनापासून पटली. पुढे स्वतःच्या आत्मकथनात त्यांनी हा अनुभव सविस्तर लिहिला.

दोनच वर्षांनी पुण्यातलं वादळ आलं.

आरोपात तथ्य होतं का?

सदनात धर्म शिकवायचा नाही, हे ठरलेलं होतं. रमाबाई वर्गात धर्म शिकवत नव्हत्या, पण स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार बंदही करत नव्हत्या. मुली येऊन बसत. काही जणी पुढे ख्रिस्ती झाल्या. त्यामुळे पालकांची भीती अगदीच हवेतली नव्हती.

पण याच सदनातली गोदूबाई ही विधवा विद्यार्थिनी त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाली. ती ख्रिस्ती झाली नाही. रमाबाईंनी तिला शिकवलं आणि तिच्या पुनर्विवाहाला पाठिंबा दिला. सगळं बाटवण्यासाठीच चाललंय, या आरोपात हे बसत नाही.

रमाबाईंनी दार बंद केलं नाही आणि सदनही बंद केलं नाही.

केडगावची मुक्ती

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळ घराचं काय करतो, हे रमाबाईंनी भोगलं होतं. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतली होती, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मुली शेती, विणकाम, तेलघाणी, छपाई शिकल्या. अंध मुलींसाठी ब्रेल आली.

आणि तिथे एक कृपा सदनही होतं. समाजाने वाया गेलेल्या ठरवलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला जे पाहिलं होतं, ते त्यांनी केडगावला करून दाखवलं.

शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. खिळे जुळवण्यापासूनचं काम मुक्तीतल्या बायकाच करत. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही जगाचा निरोप घेतला. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

टीकाकारांची तोंडं बंद करण्यात रमाबाईंनी आयुष्य घालवलं नाही. देवाने आपल्याला ओळखलंय, एवढं त्यांना पुरलं. मग ज्यांना लोकांनी नाव ठेवून बाहेर काढलं होतं, त्या बायकांना त्या घरात घेत राहिल्या. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.