जॅकार्ड: सीएनसीच्या इंटरफेस बोर्डाआधी दोनशे वर्षं तेच कोडं सोडवणारा विणकर

घरच्या घरी छोटं सीएनसी मिलिंग मशीन बनवायचं ठरवलं की बहुतेक जण आधी मोटर, स्पिंडल आणि लीडस्क्रू बघतात. कॉम्प्युटर आणि मोटर यांच्या मधे बसणारा इंटरफेस बोर्ड आठवतो तो काहीतरी जळाल्यावरच!

या बोर्डापुढचा प्रश्न साधा आहे. हुकूम देणारा अशक्त आहे आणि काम करणाऱ्याला ताकद लागते, मग दोघांना जोडायचं कसं? आर्डुइनो उनोच्या एका पिनमधून ५ व्होल्टवर साधारण २० मिलिअँपिअर एवढाच करंट घेणं सुरक्षित असतं. नेमा १७ मोटरला मात्र दीड अँपिअरच्या आसपास लागतो, म्हणजे सुमारे ७५ पट. हेच कोडं फ्रान्समधल्या एका माणसाने वीज न वापरता, लाकूड, तार आणि पुठ्ठ्याने सोडवलं होतं. त्याचं नाव जोसेफ मारी जॅकार्ड.

विणकराच्या घरातला मुलगा

जॅकार्डचा जन्म ७ जुलै १७५२ रोजी फ्रान्समधल्या ल्यों शहरात झाला. ल्यों म्हणजे रेशमाचं गाव. वडील जरतारी कापड विणणारे कारागीर होते. जोसेफ शाळेत गेला नाही. वयाच्या तेराव्या वर्षी त्याला वाचायला शिकवलं ते त्याच्या मेव्हण्याने, जो छपाईचा आणि पुस्तकांचा व्यवसाय करायचा.

त्या काळी नक्षीचं कापड विणायला मागावर दोन माणसं लागत. एक विणकर आणि दुसरा दोऱ्या ओढणारा, जो बऱ्याचदा लहान मूल असे. नक्षीच्या प्रत्येक ओळीसाठी ताण्याचे ठरावीक धागे वर उचलावे लागत. कोणती दोरी कधी ओढायची हे लक्षात ठेवून तो दिवसभर ओढत राहायचा. एक दोरी चुकली की नक्षी बिघडायची. आजच्या भाषेत तो मुलगा मेमरीही होता आणि मोटरही. दोन्ही कामं एकाच थकलेल्या शरीरावर!

कर्ज, क्रांती आणि मुलाचा मृत्यू

१७७२ मध्ये वडील वारले. घर, माग, द्राक्षमळा असं बरंच काही वारशात मिळालं. १७७८ मध्ये क्लोदीन ब्वाशों हिच्याशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला. पण व्यवहार जमला नाही. कर्ज वाढत गेलं आणि वारसा विकावा लागला.

त्यात फ्रेंच राज्यक्रांती आली. १७९३ मध्ये क्रांती सरकारच्या फौजांनी ल्योंला वेढा घातला, तेव्हा जॅकार्ड शहराच्या बाजूने लढला. शहर पडल्यावर मुलाला घेऊन तो पळाला आणि पुढे दोघंही सैन्यात दाखल झाले. तिथे लढाईत मुलगा मारला गेला. ल्योंला परतलेल्या जॅकार्डकडे ना पैसा उरला होता ना मुलगा. वय पन्नाशीकडे झुकलेलं. त्याचं खरं काम इथून पुढे सुरू झालं.

पॅरिसमधलं जुनं यंत्र

१८०१ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या सुधारित मागाला कांस्यपदक मिळालं. पुढे त्याने जाळी विणणारं यंत्र बनवलं आणि त्याला पॅरिसच्या कला व यंत्रांच्या राष्ट्रीय संग्रहालयात बोलावून घेण्यात आलं. तिथे त्याला वोकांसाँचा जुना माग बघायला मिळाला.

हे नीट समजून घ्या, कारण छिद्रांची कल्पना जॅकार्डची नाही. १७२५ मध्ये बुशोंने छिद्रं पाडलेला कागद वापरला होता. नंतर फाल्कनने एकमेकांना जोडलेली कार्डं आणली. १७४५ च्या सुमारास वोकांसाँने यंत्रणा मागाच्या डोक्यावर बसवली. तुकडे तयार होते, पण रोजच्या कामात टिकेल अशी जोडणी नव्हती. ती जॅकार्डने १८०४ च्या सुमारास केली.

कार्ड निवडतं, ताकद दुसरीकडून येते

ही यंत्रणा अशी चालते:

- नक्षीच्या प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याचं एक कार्ड असतं.
- कार्डासमोर आडव्या सुयांची रांग असते. प्रत्येक सुई एका उभ्या आकड्याला धरून ठेवते आणि आकड्याला खाली ताण्याचे धागे जोडलेले असतात.
- कार्डात छिद्र असेल तर सुई आत जाते आणि आकडा जागेवर राहतो. छिद्र नसेल तर सुई मागे ढकलली जाते आणि आकडा बाजूला सरकतो.
- मग विणकर पायाने पावडी दाबतो. वर जाणारी पट्टी जागेवर असलेल्या आकड्यांनाच उचलते, बाजूला सरकलेले खालीच राहतात.

गंमत बघा, पुठ्ठ्याचं कार्ड एकही धागा उचलत नाही. ते फक्त हलक्या सुईला हो किंवा नाही सांगतं. धाग्यांचं वजन पेलतो विणकराचा पाय. पाय थांबला तर कार्ड एकटं काहीच करू शकत नाही.

आता आपल्या बोर्डाकडे

सीएनसीच्या बोर्डात तेच घडतं. कंट्रोलरची पिन स्टेप आणि डायरेक्शन असे दोन हलके सिग्नल देते. ऑप्टोकप्लर लावला असेल तर त्याच्या आत एक छोटा एलईडी लुकलुकतो आणि समोरचा सेन्सर तो उजेड ओळखतो. मधे तार नसते. पुढे ड्रायव्हर वेगळ्या पॉवर सप्लायचा करंट मोटरला देतो. कार्ड, सुई आणि पट्टी, तिन्ही इथे आहेत.

बोर्ड डिझाइन करताना तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

१. ग्राउंड वेगळे ठेवा. ऑप्टोकप्लर लावून दोन्ही बाजूंना एकच ५ व्होल्ट आणि एकच ग्राउंड दिला, तर वेगळेपणा कागदावरच राहतो.

२. वेग मोजा. २०० स्टेपची मोटर, १६ मायक्रोस्टेप आणि एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकणारा स्क्रू असेल तर दर मिलिमीटरला ४०० पल्स लागतात. मिनिटाला ३००० मिलिमीटर वेग म्हणजे सेकंदाला २०,००० पल्स. लिमिट स्विचसाठी स्वस्त पीसी८१७ चालतो. पण इतक्या वेगाच्या स्टेप सिग्नलसाठी ६एन१३७ सारखा वेगवान भाग घ्या, नाहीतर पल्स गळतील आणि जॉब वाकडा कापला जाईल.

३. इमर्जन्सी स्टॉपने थेट मोटर आणि स्पिंडलची पॉवर तोडा. फक्त सॉफ्टवेअरवर विसंबू नका. विणकराने पाय उचलला की माग थांबायचा, हे विसरू नका.

फायदा कोणाचा, नुकसान कोणाचं

१८०५ मध्ये नेपोलियन ल्योंला आला. यंत्र सार्वजनिक मालकीचं ठरवण्यात आलं. जॅकार्डला वर्षाला ३००० फ्रँक पेन्शन आणि काही वर्षं दर मागामागे ५० फ्रँक देण्याचं ठरलं. यंत्र कोणालाही बनवता येत असल्याने ते झपाट्याने पसरलं. कार्ड सरकवण्यातल्या अडचणी पुढे ब्रेतों नावाच्या कारागिराने दूर केल्या.

पण दोऱ्या ओढणाऱ्यांचं काय? त्यांचं काम गेलं. पोटावर पाय येणार म्हणून लोक चिडले. जॅकार्डवर हल्ले झाले, त्याचं यंत्र चौकात जाळलं गेलं, असं सांगतात. दुसऱ्या बाजूला, एका मुलाचं शरीर झिजवणारं काम पुठ्ठ्याकडे गेलं हेही खरं. विणकर मात्र सुखी झाले असं नाही. १८३१ आणि १८३४ मध्ये ल्योंच्या विणकरांनी उठाव केले. १८३१ चं भांडण मजुरीच्या दराचं होतं. यंत्राने कापड लवकर विणलं, पण त्याचा पैसा कोणाला मिळणार हे यंत्राने ठरवलं नाही.

७ ऑगस्ट १८३४ रोजी ल्योंजवळच्या उलँ गावी जॅकार्ड वारला. १८३९ मध्ये त्याचं चित्र त्याच्याच यंत्रावर रेशमात विणलं गेलं. त्यासाठी सुमारे २४,००० कार्डं लागली! त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती आणि आपल्या गणनयंत्रासाठी त्याने अशीच कार्डं योजली होती. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने संख्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, तेव्हा त्याला हुकूम देत होती छिद्रं पाडलेली कागदी पट्टी.

आपल्याकडे साडीच्या दुकानात आजही जॅकार्ड हा शब्द ऐकू येतो. तुमच्या बोर्डावरचा पहिला एलईडी लुकलुकेल तेव्हा एवढं तपासा: सिग्नलचं काम सिग्नल करतोय ना, आणि ताकदीचं काम ताकद? तसं असेल तर बोर्ड टिकेल.