इंटरप्टला शिस्त लावणारा संगणकशास्त्रज्ञ

एड्सगर डाइक्स्ट्रा यांचे नाव निघाले, की आठवतो तो जवळचा मार्ग शोधण्याचा त्यांचा अल्गोरिदम. मात्र संगणकाच्या अंतर्भागातील कामांना त्यांनी लावलेली शिस्त अधिक मोलाची म्हणावी लागेल.

११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे त्यांचा जन्म झाला. लायडन येथे भौतिकशास्त्र शिकत असतानाच १९५२ मध्ये ते ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर झाले. (१९५७ मधील विवाहनोंदणीत मात्र हा व्यवसाय सरकारदरबारी मान्य झाला नाही!) तेथील सहकारी लूपस्ट्रा व स्कोल्टेन यांनी 'एक्स-१' संगणकात 'इंटरप्ट'ची सोय करण्याचे ठरविले, तेव्हा डाइक्स्ट्रा धास्तावले. बाहेरचे यंत्र कोणत्याही क्षणी चालू काम थांबविणार आणि तो क्षण दर वेळी वेगळा असणार. मग घडलेली चूक पुन्हा तशीच घडवून तपासायची कशी? ही भीती रास्तच होती. अखेर त्यांनी ते काम अंगावर घेतले आणि त्यावरच १९५९ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

१९६२ मध्ये ते आयंडहोव्हनला प्राध्यापक झाले. तेथे उभारलेल्या 'टीएचई' प्रणालीत यंत्राची वाट पाहणारी प्रक्रिया प्रोसेसर अडवून न बसता झोपी जाई. काम संपल्याचा इंटरप्ट आला, की तिला जाग येई. यात एक मेख होती. प्रक्रिया झोपण्याच्या बेतात असतानाच जागे करणारा इशारा येऊन गेला, तर ती कायमची झोपून राहणार. डाइक्स्ट्रा यांनी त्यावर 'सेमाफोर' शोधला. नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेले, प्रत्यक्षात तो केवळ एक आकडा. इशारा आधी आला तर आकडा वाढतो, म्हणजे इशारा जमा राहतो; नंतर आलेली प्रक्रिया तो आकडा घटवून न झोपता पुढे जाते. आकडा पाहणे व घटविणे यांच्या मध्ये मात्र कोणालाही शिरकाव नाही.

पुढे युनिक्सच्या कर्नेलने याच पेचावर वेगळा तोडगा काढला. इंटरप्टना अग्रक्रमाच्या पातळ्या दिलेल्या असत. प्रक्रिया अट तपासून झोपी जाईपर्यंत प्रोसेसरची पातळी वर चढवायची, म्हणजे तिला जागे करणारा इंटरप्ट तेवढा वेळ थोपून राही. इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडला स्वतः झोपण्याची मुभा नसे. कारण तो भलत्याच प्रक्रियेला मध्येच थांबवून चालत असतो आणि तो झोपला तर ती निष्कारण अडकते.

१९७२ मध्ये डाइक्स्ट्रा यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ ते १९९९ ते अमेरिकेत ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठात अध्यापन करीत होते. ६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. क्रमांक घालून लिहिलेली, बहुतांशी फाउंटन पेनने उतरविलेली त्यांची १,३००हून अधिक टिपणे मागे राहिली.