जीटीओ जन्माला घालणारा माणूस आणि जीटीओला हरवणारी शेव्हेल

आपल्याकडे गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ॲव्हरेज किती देते? 1960 च्या दशकात अमेरिकेतली तरणीबांड पोरं मात्र वेगळंच विचारायची. क्वार्टर माईल किती सेकंदात मारते?

क्वार्टर माईल म्हणजे साधारण 402 मीटर. सरळसोट पट्टी, शेजारी शेजारी दोन गाड्या आणि मध्ये दिव्यांचा खांब. हिरवा दिवा लागला की सुटायचं. वळण नाही, लॅप नाही. शेवटी हातात दोन आकडे येतात, किती सेकंद लागले आणि रेषा ओलांडताना वेग किती होता. हीच ड्रॅग स्ट्रिप. आणि या दोन आकड्यांवर गाड्या विकायचं तंत्र ज्याला नेमकं सापडलं, तो माणूस म्हणजे जॉन डिलोरियन.

बॅक टू द फ्युचर सिनेमातली पंखांसारख्या दारांची गाडी आठवते ना? तोच डिलोरियन. पण ती गाडी त्याच्या आयुष्यात फार उशिरा आली.

त्याचा जन्म 6 जानेवारी 1925 चा, डेट्रॉइटचा. वडील रोमानियातून आलेले, फोर्डच्या कारखान्यात कामगार. घरात कटकटी होत्या आणि पोरगा शाळेत असतानाच आईवडील वेगळे झाले. त्याने इंजिनिअरिंग केलं, मध्ये लष्करात जाऊन आला, क्रायस्लरच्या संस्थेतून मास्टर्स केलं, पॅकार्ड कंपनीत काम केलं आणि 1956 मध्ये जनरल मोटर्सच्या पॉन्टियाक विभागात दाखल झाला. 1961 मध्ये तो तिथला चीफ इंजिनिअर होता.

पॉन्टियाकने तोवर रेसिंग करून नाव कमावलं होतं. पण जानेवारी 1963 मध्ये जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी फर्मान काढलं की कुठल्याही विभागाने रेसिंग करायचं नाही. शिवाय आणखी एक नियम होता. मधल्या आकाराच्या गाडीत 330 क्युबिक इंचांपेक्षा, म्हणजे अंदाजे 5,400 सीसीपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही.

आता गंमत बघा. पॉन्टियाकचं 326 चं इंजिन आणि 389 चं इंजिन बाहेरून एकाच मापाचं होतं. डिलोरियनच्या टीममधल्या बिल कॉलिन्सच्या लक्षात आलं की मोठ्या गाडीतलं 389, म्हणजे जवळपास 6,400 सीसीचं इंजिन छोट्या टेम्पेस्टमध्ये त्याच माउंटवर सहज बसतं. पण नियमाचं काय? त्यावर पळवाट निघाली. नियम नव्या मॉडेलला लागू होता, ऑप्शनला नाही! म्हणून जीटीओ ही वेगळी गाडी म्हणून आलीच नाही. 1964 च्या टेम्पेस्ट ल मॉन्सवर साधारण 296 डॉलर जास्त देऊन मिळणारं पॅकेज म्हणून ती आली. नाव तर सरळ फेरारीच्या 250 जीटीओवरून उचललं.

विक्री विभागाला धाकधूक होती, म्हणून सुरुवातीला 5,000 गाड्यांचंच ठरलं. पहिल्या वर्षी विकल्या गेल्या 32,450. पुढच्या वर्षी 75,000 च्या वर. 1965 मध्ये चाळिशीतला डिलोरियन पॉन्टियाकचा प्रमुख झाला.

या यशामागच्या एका आकड्याची गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. मार्च 1964 मध्ये कार अँड ड्रायव्हर मासिकाने पॉन्टियाक जीटीओ आणि फेरारी जीटीओ समोरासमोर असल्याचं चित्र कव्हरवर छापलं. आत पॉन्टियाकचा आकडा होता क्वार्टर माईल 13.1 सेकंद. देशभर बोभाटा झाला. प्रत्यक्षात त्या दोन गाड्या एकमेकींसमोर कधी धावल्याच नव्हत्या. आणि पॉन्टियाकच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या जिम वँगर्सने पुढे अनेक वर्षांनी कबूल केलं की टेस्टला दिलेल्या गाडीत 389 नव्हतंच, गुपचूप 421 क्युबिक इंचाचं इंजिन बसवलेलं होतं. शोरूममधून घरी नेलेली जीटीओ साधारण 15 सेकंदांच्या आसपासच जायची. दोन सेकंद म्हणजे ड्रॅग स्ट्रिपवर कित्येक गाड्यांचं अंतर.

फेब्रुवारी 1969 मध्ये डिलोरियनला बढती मिळाली आणि तो शेव्हरोलेचा प्रमुख झाला. म्हणजे त्याच कंपनीतल्या घरच्याच प्रतिस्पर्ध्याचा!

1970 च्या मॉडेलसाठी जनरल मोटर्सने मधल्या गाड्यांवरची इंजिनाची मर्यादा उठवली. पॉन्टियाकने जीटीओत 455 क्युबिक इंचाचं इंजिन दिलं, 360 हॉर्सपॉवरचं. शेव्हरोलेने शेव्हेल एसएसमध्ये 454 चं एलएस6 दिलं, 450 हॉर्सपॉवरचं. एलएस6 काही डिलोरियनने स्वतः बनवलं नव्हतं, ते शेव्हरोलेच्या इंजिनिअरांचं काम. पण गाडी बाजारात आली तेव्हा खुर्चीवर तोच होता.

दोन्ही इंजिनांचा आकार जवळपास सारखा, टॉर्कही कागदावर सारखाच, 500 पाउंड-फूट. तरी त्या काळच्या टेस्टमध्ये शेव्हेल 13 सेकंदांच्या घरात गेली आणि 455 ची जीटीओ 14 ते 15 च्या घरात राहिली. का? पॉन्टियाकचं इंजिन लाँग स्ट्रोकचं, खालच्या आरपीएमवर रेटा देणारं. त्याची कमाल ताकद 4,300 आरपीएमलाच यायची. एलएस6 चे पोर्ट मोठे, कॅमशाफ्ट तापट, कॉम्प्रेशन 11.25, आणि कमाल ताकद 5,600 आरपीएमवर. सुटताना दोघी सारख्याच उसळायच्या, पण जीटीओ दमायला लागली की शेव्हेलला खरा जोर यायचा. चालवायला निवांत गाडी हवी असेल तर मी आजही जीटीओच निवडेन, पण स्टॉपवॉचला आवडीनिवडी कळत नाहीत.

या वेळी आकडा खरा होता, पण फार टिकला नाही. 1971 पासून कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं गेलं. विम्याचे हप्ते आणि प्रदूषणाचे नियमही होतेच. 1974 नंतर जीटीओ बंद झाली.

डिलोरियन 1973 मध्ये जनरल मोटर्समधून बाहेर पडला आणि स्वतःची कंपनी काढली. ब्रिटिश सरकारच्या पैशावर बेलफास्टजवळ डनमरीला कारखाना उभा राहिला, बेरोजगारीने पोळलेल्या गावात शेकडो घरांची चूल त्यावर पेटू लागली. 1981 मध्ये स्टेनलेस स्टीलची डीएमसी-12 आली. तिची ताकद होती फक्त 130 हॉर्सपॉवर. क्वार्टर माईलवर मोठा झालेला माणूस, आणि त्याच्या नावाची गाडी त्याच पट्टीवर 1964 च्या जीटीओच्याही मागे. सुमारे 9,000 गाड्यांनंतर 1982 मध्ये कंपनी बुडाली आणि कामगार रस्त्यावर आले.

त्याच ऑक्टोबरात त्याला कोकेनच्या प्रकरणात अटक झाली. 1984 मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं, सरकारी यंत्रणेनेच त्याला जाळ्यात ओढलं असा बचाव टिकला. सिनेमा आला 1985 मध्ये, तोवर कारखाना कधीच बंद पडला होता.

19 मार्च 2005 रोजी तो वारला. डेट्रॉइटजवळ ट्रॉय इथे त्याची कबर आहे. दगडावर गाडी कोरलेली आहे, पण जीटीओ नाही. दारं उघडलेली डीएमसी-12 आहे.