लेखणीची साधना : संपादक डॉ. बाबासाहेब आंबेडकर

बारावीनंतर काय शिकणार, असा प्रश्न आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना केला, तर डॉक्टर, इंजिनिअर, तलाठी, पोलीस अशी उत्तरे हमखास मिळतात. एखादा मुलगा वा मुलगी विद्यापीठात जाऊन पत्रकारिता शिकायची आहे असे म्हणते, तेव्हा पालकांच्या कपाळावर आठी उमटते. त्यात पोट भरेल काय, ही त्यांची शंका रास्तच आहे. कोरडवाहू कापसाच्या भरवशावर लेकरू शिकविणाऱ्या बापाने असा प्रश्न विचारू नये, तर कोणी विचारावा? मात्र ज्या महामानवाच्या विचारावर ही शाळा उभी राहिली, त्यांच्या आयुष्याची छत्तीस वर्षे वर्तमानपत्राशी जोडलेली होती, हे आपण सहसा आठवत नाही. घटनाकार बाबासाहेब प्रत्येक घरात आहेत. संपादक बाबासाहेब मात्र आपल्याला अजून पुरते भेटलेले नाहीत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१२ साली मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. याच विद्यापीठात वर्षभरापूर्वी, पुलित्झर या वृत्तपत्र-मालकाच्या देणगीतून, पत्रकारितेचे विद्यालय सुरू झाले होते. अमेरिकेतील मिसुरीच्या सरकारी विद्यापीठाने तर १९०८ सालीच हा विषय शिकविण्यास आरंभ केला होता. बाबासाहेब त्या विद्यालयाचे विद्यार्थी नव्हते. त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. परंतु आकडे तपासणे, मूळ कागद पाहणे, प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण समजून घेऊन मगच उत्तर देणे, ही जी शिस्त त्यांच्या संपादकीय लेखनात पुढे दिसते, ती याच अभ्यासातून घडली.

लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून १९१७ मध्ये ते भारतात परतले. बडोद्याच्या नोकरीत वाट्याला आलेला अपमान सर्वज्ञात आहे. १९१८ च्या अखेरीस ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९१९ च्या आरंभी साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांची मांडणी केली. त्या काळी मराठीत वर्तमानपत्रांची वाण नव्हती; वाण होती ती आपल्या दुःखाला जागा देणाऱ्या पत्राची. गोपाळबाबा वलंगकर, पुण्याचे शिवराम जानबा कांबळे आणि आपल्या विदर्भातील किसन फागुजी बनसोडे यांनी आधीच लेखणी हाती घेऊन ही वाट पाडली होती. तिचा राजमार्ग करण्याचे काम बाबासाहेबांनी केले.

राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी, शनिवारी, ‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. बाबासाहेब सरकारी कॉलेजात नोकरीस असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. शिरोभागी तुकोबांचे वचन होते. मराठी मनाला परिचित असलेल्या संताच्या शब्दांतूनच नवा विचार दारात आणावा, ही त्यामागील दूरदृष्टी होती. पहिल्याच अग्रलेखात त्यांनी हिंदू समाजाला जिने नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्म झाला, त्याच मजल्यावर मरायचे, वर जाण्यास वाट नाही, असे समाजाचे चित्र त्यांनी उभे केले. ब्राह्मणेतर व सुधारक पत्रांपैकी काहींनी अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागा दिली होती, त्यांची नावे घेऊन त्यांनी प्रांजळपणे ऋणही मान्य केले. ‘केसरी’ने मात्र पैसे देऊ केले असतानाही ‘मूकनायक’ची जाहिरात छापण्याचे नाकारले.

त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची आणि मे महिन्याच्या अखेरीस नागपूरची परिषद झाली. चळवळ रंगात आली होती. अशा वेळी बाबासाहेबांपुढे कठीण निवड उभी राहिली. लंडनचा अभ्यास पुरा करण्यासाठी विद्यापीठाने दिलेली चार वर्षांची मुदत संपत आली होती. पत्र सांभाळावे की शिक्षण? जुलै १९२० मध्ये त्यांनी शिक्षणाची वाट धरली. पैशाची ओढाताण आणि व्यवस्थापनातील अडचणी यांमुळे त्यांच्या अनुपस्थितीत ‘मूकनायक’ खंगत गेला व १९२३ साली बंद पडला. पोटच्या लेकरासारखे वाढवायचे म्हणून काढलेले पत्र मिटले. ही त्या शिक्षणाची किंमत होती आणि ती त्यांनी मोजली.

परंतु परत आले ते बॅरिस्टर होऊन, आणि पुढे डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवीही त्यांना मिळाली. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर विरोधी पत्रांतून टीकेचा भडिमार सुरू होताच ३ एप्रिल १९२७ रोजी त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. या वेळी संपादक ते स्वतःच होते. मदतनीस ठेवण्याइतका पैसा नव्हता, म्हणून रकानेच्या रकाने ते एकटेच लिहून काढीत. मानधन नाही, विश्रांती नाही. कोर्टाचे काम आटोपून रात्र रात्र जागवीत त्यांनी प्रत्येक आक्षेपाला धर्मग्रंथ, कायदा आणि इतिहास यांच्या आधारे उत्तर दिले. वर्गणीदार थोडे, थकबाकी फार, कर्ज वाढते, अशा स्थितीत १५ नोव्हेंबर १९२९ रोजी हेही पत्र थांबले.

दोन पत्रे बुडाली, तरी त्यांतून घेतलेला धडा मोलाचा होता. एका माणसाच्या खांद्यावर वर्तमानपत्र टिकत नाही. त्यासाठी माणसे घडवावी लागतात. २९ जून १९२८ पासून समाज समता संघाचे ‘समता’ हे पत्र देवराव नाईक चालवीत होते. २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’चा पहिला अंक निघाला, तेव्हा बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. पहिले पत्र त्यांच्या अनुपस्थितीत मिटले होते. हे पत्र त्यांच्या अनुपस्थितीत जन्मले आणि पंचवीस वर्षे जगले. देवराव नाईक, भास्करराव कद्रेकर, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, बापूसाहेब कांबळे, यशवंतराव आंबेडकर अशा अनेकांनी त्याची धुरा वाहिली. यांत स्पृश्य समाजात जन्मलेलेही होते, ही गोष्ट विशेष. गावोगावी एक साक्षर तरुण कंदिलाच्या उजेडात ‘जनता’ वाचून दाखवी आणि निरक्षर वस्ती कान देऊन ऐके. आपल्या आजोबांच्या पिढीचे हेच पहिले विद्यापीठ होते.

१९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या व्याख्यानात बाबासाहेबांनी भारतीय वृत्तपत्रसृष्टीवर कठोर टीका केली. जो व्यवसाय लोकांना योग्य सल्ला देण्यासाठी होता, तो आता मालाच्या विक्रीसारखा धंदा झाला आहे आणि पुढाऱ्यांची पूजा बांधण्यात रमला आहे, असे त्यांचे निदान होते. आज ऐंशीहून अधिक वर्षांनंतर ते शिळे झाले आहे, असे कोणी म्हणू शकेल काय?

४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. मूक, बहिष्कृत, जनता आणि शेवटी प्रबुद्ध. ही केवळ मथळ्यांची यादी नव्हे. एका समाजाने छत्तीस वर्षांत केलेल्या प्रवासाचे हे टप्पे आहेत.

आज अमरावती, नागपूर, वर्धा येथील विद्यापीठांत पत्रकारिता व जनसंवाद हे विषय रीतसर शिकता येतात. बाबासाहेबांना ज्यासाठी कर्ज काढावे लागले, ते छापण्याचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. मात्र खिशात साधन आहे म्हणून लेखणीला धार येत नाही. ती येते अभ्यासाने. बातमी पारखावी कशी, अफवा ओळखावी कशी, आकडा मांडावा कसा, हे शिकावेच लागते. त्या शिक्षणाने पोट भरेल काय, या पालकांच्या प्रश्नाला माझे प्रामाणिक उत्तर एवढेच, की वाट अवघड आहे आणि तीत चिकाटी लागेल. परंतु आपल्या वस्तीतील घडामोडी आपल्याच लेकरांनी लिहिल्या नाहीत, तर त्या दुसऱ्याच्या सोयीने लिहिल्या जातील, किंवा लिहिल्याच जाणार नाहीत. पहिला ‘मूकनायक’ निघण्याचे कारण तेच होते, आणि ते अद्याप सरलेले नाही.

म्हणून पुढच्या वेळी घरातील मुलीने पत्रकार व्हायचे आहे असे म्हटले, तर कपाळावर आठी येऊ देण्याआधी तिला एवढेच विचारावे : अभ्यास पुरा करशील ना? ती हो म्हणाली, तर तिच्या पाठीशी उभे राहावे.

जयभीम!